आमच्या बोळातला हौद बुजवणाऱ्यांना आणि वरचा डोंगर कापणाऱ्यांना, एका रिटायर कंडक्टरचं खुलं पत्र

प्रति,
साताऱ्याचा नकाशा ज्यांच्या ज्यांच्या टेबलावर असतो ते सगळे साहेब लोक,
आणि यवतेश्वर-अजिंक्यताऱ्याच्या उतारावर प्लॉट पाडणारी मंडळी,

स.न.वि.वि.

नाव कुणाचंच घालत नाहीये, कारण हे काम नक्की कुणाचं हेच मला चार महिने हेलपाटे घालून कळलं नाही. एका ऑफिसात गेलो तर म्हणाले ठेकेदाराला विचारा, ठेकेदाराचा मुकादम म्हणाला आम्हाला वरून ऑर्डर आहे काका, आता वर म्हणजे कुठं वर, आमच्याकडं वर म्हटलं की अजिंक्यतारा किल्ला. तिथं तर मंगळाई देवीशिवाय कुणी बसलेलं मला दिसत नाही. म्हणून सगळ्यांनाच मिळून लिहितोय आणि उघड्यावर लिहितोय, म्हणजे गावानं पण वाचावं.

झालं असं की मार्चमध्ये आमच्या बोळाच्या तोंडाशी असलेला जुना दगडी हौद बुजवला. रात्री चोरून वगैरे नाही, दिवसाढवळ्या, चहा पीत पीत. पहिल्या दिवशी डबर आणि मुरूम, दुसऱ्या दिवशी काँक्रीट, मग वर लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक आणि पाडव्याच्या आधी तिथं सेल्फी पॉइंट उभा. मागं फायबरचा किल्ला, पुढं लायटिंग. मी काम चालू असताना विचारलं की बाबा आत पाणी येतंय अजून, ते कुठं जाईल, तर पोरगं म्हणालं काका पाणी काय, जिरंल. साहेब, ते जिरलं नाही. ते जुलैमध्ये आमच्या स्वयंपाकघरात आलं, शहाबादी फरशीच्या सांध्यातून, गॅसच्या शेगडीखाली. आणि सेल्फी पॉइंटवर आता पावसात कुठल्याही ब्लॉकवर पाय दिला की बाजूच्या ब्लॉकमधून पिचकारी उडते, शाळेची पोरं मुद्दाम उड्या मारतात. पोरांना मजा येते त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर म्हणाल हा कुठला इतिहासकार. मी इतिहासकार नाही, एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो, त्यातली अर्ध्याहून जास्त सातारा-बामणोली लाइनवर. वे-बिल (तिकिटांच्या हिशोबाचा कागद) भरता भरता आणि टप्पे मोजता मोजता जेवढा भूगोल कळला तेवढाच माझ्याकडं आहे. पण तो खिडकीतून बघितलेला आहे. तुमच्या नकाशात उतार दिसत नाही, मला गाडी सेकंड गिअरला आली की दिसायचा.

तर हा भूगोल. सातारा हे नाव सात डोंगरांवरून पडलं असं म्हातारी माणसं सांगतात. अजिंक्यतारा, सज्जनगड, यवतेश्वर, जरंडेश्वर, नकदीचा डोंगर, कितलीचा डोंगर आणि पेढ्याचा भैरोबा. (पेढ्याचा भैरोबा म्हटलं की बाहेरच्यांना वाटतं कंदी पेढ्याशी काहीतरी संबंध असणार.) दुसरेही तर्क आहेत नावाचे, त्यात मी पडत नाही, पण गच्चीवर उभं राहिलं की डोंगर दिसतात हे खरं. दक्षिणेला किल्ला, पश्चिमेला यवतेश्वर, दोन्हींना जोडणारी धार, तिच्यातून काढलेला बोगदा, आणि मध्ये वाटीत बसल्यासारखं आमचं गाव. उत्तरेच्या अंगानं वेण्णा वाहते, पूर्वेला कृष्णा, आणि दोघी महाबळेश्वरला जन्मून संगम माहुलीला भेटतात. तिथं थोरल्या शाहू महाराजांची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नातवाची समाधी आहे आणि त्यांच्या कुत्र्याचं स्मारकही आहे, हे किती लोकांना माहितीय कुणास ठाऊक.

पावसाचं म्हणाल तर मी एकाच आठवड्यात तिन्ही पाऊस बघितलेत ड्युटीवर. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, साताऱ्यात हजाराच्या आसपास, आणि म्हसवडकडं गेलात की पाचशेच्या आसपास, तोही पडला तर. सकाळी बामणोलीच्या गाडीत लोक इरलं-प्लॅस्टिक घेऊन ओलेचिंब चढायचे आणि दुसऱ्या दिवशी दहिवडीच्या गाडीत लोक रिकाम्या घागरी घेऊन. एकाच जिल्ह्यात. सातारा बरोबर मध्ये आहे, म्हणून इथं पाणी कधी पडतं यापेक्षा डोंगरात किती मुरतं आणि तिथून किती हळू खाली येतं यावर सगळा खेळ.

मुरतं कसं ते पण सांगतो, हे मला एका कॉलेजच्या सरांनी गाडीतच समजावलं होतं, घाटात गाडी बंद पडली होती तेव्हा. आपला डोंगर म्हणजे लाव्हाचे थर, एकावर एक, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणून तर पायऱ्या पायऱ्या दिसतात. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं तांबड्या मातीचा पट्टा असतो, घाटात रस्ता कापलाय तिथं विटकरी रेघ दिसते बघा, तो. वरून पाणी खडकाच्या भेगांतून खाली येतं, त्या पट्ट्यावर अडतं आणि मग आडवं होऊन कड्याच्या कुशीतून झरा म्हणून बाहेर पडतं. कासच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, तर वर जांभा दगड आहे, स्पंजसारखा. म्हणजे डोंगर हीच टाकी, आणि झरा हा तिचा नळ.

हे शाहू महाराजांच्या माणसांना कळलं होतं, बिनकॉलेजचं. अजिंक्यतारा किल्ला मुळात शिलाहार भोज राजाच्या काळचा, बाराव्या शतकातला. १६७३ ला शिवाजी महाराजांनी घेतला. १७०८ च्या जानेवारीत १२ तारखेला शाहू महाराजांचा राज्याभिषेक किल्ल्यावर झाला आणि पुढं राजधानी डोंगरावरून पायथ्याला उतरली. किल्ल्यावर तळी आहेत, पण माझ्या मते गाव पोसायला ती पुरलीच नसती. खाली पेठा वसल्या, आणि यवतेश्वराच्या अंगचं पाणी खापरी नळानं उतारा-उतारानं आणून पेठेपेठेतल्या हौदात सोडलं. पुढं प्रतापसिंह महाराजांच्या वेळी ही व्यवस्था अजून वाढली. पंप नाही, डिझेल नाही, लाइट बिल नाही. नंतर इंग्रजांच्या काळात कासचा तलाव झाला तोही याच हिशोबानं, तिथलं पाणी उतारानंच खाली येतं. उरमोडी नदीचं पाणी मात्र पंपानं चढवावं लागतं. लाइट गेली की पाणी कुणाच्या पेठेत येतं आणि कुणाच्या नाही हे सातारकराला सांगायला नको.

आणि रस्ते बघा. राजवाड्यापासून पोवई नाक्याकडं दोन रस्ते, वरचा रस्ता आणि खालचा रस्ता. कागदावर राजपथ आणि कर्मवीर पथ असतील, पण रिक्षावाल्याला वरचा-खालचाच कळतो. दोन्ही उताराला आडवे धरलेत आणि ओढे त्यांना छेदून खाली वेण्णेकडं जातात. ज्यानं कुणी हे आखलं त्यानं आधी पाण्याला वाट दिली, मग माणसांना.

आता तक्रारी. क्रमानं लिहायचा प्रयत्न करतो, पण मध्ये घसरलो तर समजून घ्या.

पहिली तक्रार हौदाची. घडीव काळ्या दगडाचा होता, आत उतरायला चार पायऱ्या, कोपऱ्यात खापरी नळाचं तोंड, उन्हाळ्यातसुद्धा करंगळीएवढी धार. काठाच्या दगडाला सात खळगे पडले होते, बायकांनी कळश्या टेकवून टेकवून. माझ्या आजीचा खळगा ठरलेला, उजवीकडून तिसरा. ती गेल्यावर आई तिथंच टेकवायची. मी लहानपणी त्या खळग्यात गोट्या ठेवायचो. हे पुरातत्त्ववाल्यांच्या यादीत होतं का? नसेल. पण मग यादीत नाही म्हणून ते नव्हतं असं होतं का?

इथं एक गोष्ट लपवून चालणार नाही. हे पाणी सगळ्यांचं नव्हतं. ७ नोव्हेंबर १९०० ला याच गावात, राजवाड्यातल्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा इंग्रजी पहिलीत बसला, तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून राज्यभर पाळतात. पुढच्या वर्षी तो, त्याचा भाऊ आणि भाचे अशी लेकरं वडिलांना भेटायला साताऱ्याहून रेल्वेनं मसूरला उतरली, आणि तिथून पुढं बैलगाडीच्या प्रवासात रात्रभर त्यांना कुणी प्यायला पाणी दिलं नाही. मसूरचं तिकीट मी हजारदा फाडलंय आणि दर वेळी नाही पण बऱ्याच वेळा ते आठवलंय. आमच्या आजीच्या खळग्याचं कौतुक करताना त्या काठावर कोण कळशी टेकवू शकत नव्हतं हे पण लिहिलं पाहिजे. तुम्ही हौद बुजवलात म्हणजे हे दोन्ही बुजवलंत.

दुसरी तक्रार, फलक. सेल्फी पॉइंटला मोठा फलक लावलाय, "ऐतिहासिक सातारा नगरीत आपले स्वागत", आणि खाली "या नगरीचे संस्थापक छत्रपती शाहू महाराज" म्हणून फोटो छापलाय कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांचा! अहो राजर्षी आम्हाला वंदनीयच आहेत, पण त्यांचा जन्म १८७४ चा. आमचे थोरले शाहू महाराज १६८२ ला जन्मले आणि १७४९ ला इथंच साताऱ्यात गेले. दोघांच्यात जवळपास दोनशे वर्षं आहेत. मी अर्ज दिला फोटो बदला म्हणून, तर एक जण म्हणाला शाहू महाराजच आहेत ना. यावर काय बोलणार. मी घरी येऊन चहा घेतला.

तिसरी, ओढे. आमच्या घरामागचा ओढा मी लहान असताना दोन उड्यांत पार व्हायचा नाही, आता तो तीन फुटी पाइपात आहे आणि पाइपावर पार्किंग. पाइपाच्या तोंडाला प्लॅस्टिक, नारळाच्या करवंट्या, एकदा तर गादी अडकली होती. नाला म्हणता त्याला तुम्ही कागदावर, आणि नाला म्हटलं की झाकायचाच असतो. तो नाला नाही साहेब, ओढा आहे. डोंगरातून निघून वेण्णेला मिळतो, त्याला उगम आहे आणि मुख आहे. आम्ही त्याच्यात सांडपाणी सोडलं म्हणून त्याला वास आला, यात आमच्या बोळातले सगळे आले, मी पण आलो. आमच्या मोरीचं पाणी कुठं जातं असं आमच्या हिनं विचारलं तेव्हा माझ्याकडं उत्तर नव्हतं.

चौथी तक्रार सगळ्यात मोठी आणि तिच्यासाठीच खरं तर बसलोय लिहायला. उतार कापणं. बामणोलीच्या गाडीवर मी लागलो तेव्हा यवतेश्वराच्या घाटात रात्री दिवे मोजायचो, देवळाचा एक आणि वाड्यांवरचे पाच-सहा. रिटायर झालो तेव्हा मोजणं सोडून दिलं होतं. फार्महाउस, हॉटेल, "व्हॅली व्ह्यू", "क्लाउड" काहीतरी. घर बांधू नका असं माझं म्हणणं नाही, माणसं वाढली, २०२० ला शहराची हद्दही वाढली, पोरांना घरं पाहिजेत. पण डोंगराचा पायथा जेसीबीनं उभा कापायचा, माती खाली ओढ्यात लोटायची, सपाटी करायची आणि मागं वीस-पंचवीस फुटाची नागडी भिंत ठेवून द्यायची, ही कुठली रीत? ती विटकरी रेघ मघाशी सांगितली ना, ती कापली की पाणी तिथूनच सुटतं. पहिली दोन वर्षं प्लॉटवाल्याला वाटतं वा, आपल्याकडं झरा लागला. तिसऱ्या वर्षी भिंत पोट काढते.

जुलै २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात पाटणच्या बाजूला आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. डोंगर रात्रीत खाली आला, घरं गेली, माणसं गेली. तिथं पाऊस साताऱ्यापेक्षा कितीतरी जास्त होता हे मान्य, आमचा डोंगर वेगळा, तो वेगळा. पण दगड तोच आहे आणि जेसीबीचा दातही तोच.

आणि डोंगर पोखरण्याचा अनुभव या गावाला आधीचा आहे. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः किल्ल्याखाली येऊन बसला. वर प्रयागजी प्रभू किल्लेदार. चार महिने किल्ला पडेना तेव्हा मोगलांनी कडा पोखरून सुरुंग भरले. एप्रिल १७०० मध्ये बत्ती दिली. पहिल्या सुरुंगानं आतली माणसं मारली. दुसरा उडाला तेव्हा तट आणि दगड बाहेरच्या बाजूला कोसळले, चढाई करायला खाली दाटीनं उभ्या असलेल्या मोगलांच्याच फौजेवर, आणि त्यांचीच माणसं ढिगानं गाडली गेली. किल्ला पुढं तहानं त्यांच्या ताब्यात गेला, नाव आझमतारा ठेवलं, मग परत आपल्याकडं आला, ते सगळं पुस्तकात आहे. मला फक्त ती दुसरी बत्ती आठवते, जेव्हा जेव्हा वर जेसीबीचा आवाज येतो तेव्हा. खालच्या पेठेत उभे आम्ही आहोत, एवढाच काय तो फरक.

पाचवी तक्रार ट्रॅफिकची होती, पण ती सगळेच करतात, सोडून देतो.

आता मागण्या. अवघड एकही नाही.

१. सेल्फी पॉइंट उचला आणि हौद उघडा. डबर आम्ही बोळातली माणसं काढतो, तुम्ही फक्त काँक्रीट फोडून द्या आणि ते फोडताना आतले दगड फुटणार नाहीत अशा माणसाला पाठवा. ब्रेकरवाल्या पोराला नको.

२. शहरात असे किती हौद, खापरी नळ आणि उच्छ्वास (नळातली हवा बाहेर सोडणारे मनोरे) शिल्लक आहेत त्यांची यादी करा. पेठेपेठेत म्हातारी माणसं आहेत, त्यांना विचारा, पण लवकर विचारा, दर थंडीत एक-दोन कमी होतात. यादी झाल्याशिवाय कुठल्याही बोळात काँक्रीट नको.

३. ओढ्यांचा नकाशा लोकांसमोर लावा, उगमापासून वेण्णेपर्यंत. ओढ्याच्या दोन्ही अंगाला किती जागा सोडायची ते त्याच्यावर रंगानं दाखवा. आणि पाइपाची तोंडं मे महिन्यात साफ करा. पाऊस जूनमध्ये येतो हे आता काही नवीन राहिलं नाही.

४. यवतेश्वर आणि अजिंक्यताऱ्याच्या उतारावर कुठल्या रेषेच्या वर कापायचं नाही ती रेषा ठरवा आणि जागेवर दगड रोवून दाखवा. दिलेल्या परवानग्या सगळ्यांना वाचता येतील अशा लावा. ज्यांनी आधीच कापलंय त्यांनी भिंत, पाण्याची वाट आणि झाडं स्वतःच्या खर्चानं करायची. आणि भूगर्भवाल्या माणसाची सही असल्याशिवाय नवीन कापाकापी नको. सही म्हणजे ऑफिसात बसून नव्हे, जागेवर जाऊन.

५. फलक बदला. फोटो बरोबर घाला. आणि हौदाबद्दल चार ओळी लिहिणार असाल तर पाणी कुणी आणलं, कुणी भरलं आणि कुणाला भरू दिलं नाही, तिन्ही लिहा.

प्लॉटवाल्या मंडळींना वेगळं एकच सांगतो. तुमच्यातले निम्मे माझ्याच गाडीनं शाळेला गेलेत, पासवर. तुमच्याशी माझं भांडण नाही. "व्हॅली व्ह्यू" विकताय तर ज्या व्हॅलीचा व्ह्यू आहे तिच्यात आम्ही राहतो एवढं ध्यानात ठेवा.

उत्तर लेखी पाहिजे. "बघतो" हे उत्तर मला आत्तापर्यंत सहा वेळा मिळालंय, तारखा डायरीत लिहिल्यात, जुन्या वे-बिलासारख्या. पुढच्या पाडव्यापर्यंत वाट बघणार आणि मग रोज सकाळी साडेसहा ते आठ त्या सेल्फी पॉइंटवर खुर्ची टाकून बसणार, एकटा असलो तरी. घोषणा नाही, उपोषण नाही, शुगर आहे मला. कुणी फोटो काढायला आलं तर त्याला फोटो काढून देईन आणि खाली काय आहे ते सांगेन.

तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर पाऊस पडून गेल्यावर या. बूट नको, चप्पल घाला. उजवीकडून तिसऱ्या खळग्याची जागा मी खडूनं ब्लॉकवर मार्क करून ठेवलीय. पाण्यानं पुसली जाते, पण मी रोज परत करतो.

आपला,
एक रिटायर कंडक्टर, सातारा